सरका थोडे, पोराला बसू द्या!

साल २००४. उन्हाळ्याची सुट्टी. परभणीच्या स्टेशन रोडवर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा संगणकाचा वर्ग भरत असे. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडक्यांना जाड पडदे आणि आत दहा संगणकांसमोर दहा प्रौढ विद्यार्थी. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, कोणी तहसील कचेरीतले कारकून. एक मुख्याध्यापक तर निवृत्तीला चार वर्षे राहिलेले. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले होते आणि आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेणारे आम्ही पुन्हा परीक्षेला बसलो होतो. माऊस दोन्ही हातांनी धरणारे होते. पडद्यावरचा बाण वर न्यायचा म्हणून माऊस टेबलावरून हवेत उचलणारेही होते.

या मंडळींत एक अकरा वर्षांचा मुलगा होता. वर्ग चालविणाऱ्यांचा भाचा. गंगाखेडकडच्या एका खेड्यातून सुट्टीला मामाकडे आलेला. कोपऱ्यातला संगणक रिकामा असला की तो तिथे बसायचा आणि पिनबॉल खेळायचा. ज्यांनी विंडोज एक्सपीचा जमाना पाहिला त्यांना तो खेळ आठवत असेल. ‘स्पेस कॅडेट’ त्याचे नाव. जागेची लांब पट्टी दाबून धरायची, सोडली की गोळी सुसाट वर जायची, दिव्यांना आणि खुंट्यांना आपटत खाली यायची. खाली दोन पट्ट्या. एक झेडच्या बटणाने उडायची, दुसरी पलीकडच्या तिरप्या रेघेच्या बटणाने. गोळी मधल्या फटीतून गेली की गेली. अशा तीन गोळ्या.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्या तिन्ही गोळ्या चहा निवायच्या आत संपल्या. मागे उभा असलेला तो पोरगा हळूच म्हणाला, “सर, घाई नका करू. गोळी पट्टीच्या टोकाकडं येऊ द्या. मग दाबा.” पंचवीस वर्षे पोरांना शिकवणाऱ्या मला त्या दिवशी एका पोराने शिकवले.

हळूहळू आम्हा सगळ्यांनाच त्या खेळाचा नाद लागला. सर्वाधिक गुणांची पाच नावांची एक यादी त्यात असे. पाचही ओळींवर त्या मुलाचे नाव होते, पाचही वेळा चुकीच्या स्पेलिंगने. आमच्यातले दोघे-तिघे त्या यादीत शिरण्यासाठी तास संपल्यावरही रेंगाळू लागले. लोडशेडिंगचे दिवस. वीज असेल तेवढाच वेळ हाती. एका संध्याकाळी तो मुलगा खेळत असताना मी म्हणालो, “तू तर रोजच खेळतोस. ऊठ, मोठ्यांना बसू दे.”

तो उठला. काही बोलला नाही. थोडा वेळ मागे उभा राहिला आणि मग खाली निघून गेला. त्यानंतर तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला मला दिसला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि तो गावी गेला. पुढे व्हायरसमुळे तो संगणक पुसून नवा केला तेव्हा ती पाच नावेही गेली. आम्ही सगळे परीक्षा पास झालो. माझ्या मनात मात्र ती रिकामी झालेली खुर्ची राहून गेली.

बंदी घातलेला खेळ

पुढे कुतूहल म्हणून या खेळाची कुळकथा शोधली, तेव्हा गंमत वाटली. आपल्याकडे अनेक घरांत बॅगाटेलची फळी असे, ती या पिनबॉलची आजी. खिळे ठोकलेली लाकडी फळी, एका बाजूला स्प्रिंगचा दांडा, काचेच्या किंवा लोखंडी गोळ्या आणि खिळ्यांच्या कोंडाळ्यांत लिहिलेले आकडे. हा स्प्रिंगचा दांडा माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या कारागिराच्या पेटंटमधला. इंग्लंडहून अमेरिकेतल्या सिनसिनाटीला गेलेल्या या माणसाने १८७१ साली ते पेटंट घेतले. १९३१ साली, मंदीच्या भर काळात, डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र बाजारात आणले. हाताला काम नसलेली माणसे एका नाण्यात चार घटका जीव रमवू लागली. खालच्या उडणाऱ्या पट्ट्या, ज्यांना फ्लिपर म्हणतात, त्या १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात आल्या. तोवर गोळी सोडल्यावर यंत्राला हलके धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फारसे काही नव्हते.

म्हणूनच हा जुगार आहे, असे पुष्कळांना वाटे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांना तर खात्रीच होती. शाळकरी मुलांच्या खाऊचे पैसे ही यंत्रे खातात, असे त्यांचे म्हणणे. १९४२ साली त्यांनी बंदी आणली. पोलिसांनी यंत्रे जप्त केली, घणाने फोडली. ही बंदी उठायला १९७६ साल उजाडावे लागले. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र मांडले, गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल असे आधी सांगितले आणि तशी घालवून दाखवली. खेळ नशिबाचा नसून कसबाचा आहे, हे सिद्ध करायला तेवढे पुरे झाले.

म्हणजे पाहा, मुलांना वाचवायचे म्हणून ज्या खेळावर बंदी आली, तोच खेळ पुढे मुलांच्या हातून जवळजवळ निसटला. व्हिडिओ गेम आले, पाठोपाठ घरोघरी संगणक आले. १९९९ साली विल्यम्स या नामवंत कंपनीने पिनबॉलचे उत्पादन बंद केले आणि काही वर्षे स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. जुनी यंत्रे संग्राहकांच्या तळघरांत गेली. अशा एका यंत्राचे वजन शंभर किलोच्या पुढे, किंमत लाखांत. ते घ्यायला पैसा हवा, ठेवायला जागा हवी, दुरुस्तीला तारा-दिव्यांचे ज्ञान हवे. पुष्कळ यंत्रे मद्यालयांत, जिथे मुलांना प्रवेशच नाही. साहजिकच हा छंद पिकल्या केसांच्या पुरुषांचा झाला. त्यात एखादे पोर शिरले तर त्याला काचेवरून आत पाहायला स्टूल लागायचे.

तेरा वर्षांचा विजेता

तरीही पोरे शिरलीच. २०१७ साली अमेरिकेत पापा या नावाने ओळखली जाणारी पिनबॉलची जागतिक स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद एशर लेफकॉफ या तेरा वर्षांच्या मुलाने मिळवले. एवढ्या लहान वयात ती स्पर्धा त्याच्याआधी कोणी जिंकली नव्हती. त्याचे वडील स्वतः चांगले खेळाडू. वरच्या रॉजर शार्प यांचीही दोन्ही मुले मोठी होऊन नामांकित खेळाडू झाली आणि आज या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना चालवतात. या मुलांच्या अंगी गुण होतेच, पण आणखीही एक गोष्ट होती. त्यांच्या घरात यंत्रापाशी आधीच उभा असलेला एक मोठा माणूस होता आणि त्याने थोडे सरकून जागा दिली.

सगळ्याच मुलांचे नशीब असे नसते. ज्या छंदात सगळे मोठे, त्यात लहानाची मोठी कुचंबणा होते. शाळेत त्याच्या छंदाची भाषा कोणाला कळत नाही आणि छंदाच्या ठिकाणी त्याच्याशी मोठी माणसे बोलत नाहीत. बोललीच तर तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा कौतुकाची. “अरे वा, एवढासा आहे, पण किती छान खेळतो!” असे म्हणून गालगुच्चा घ्यायचा आणि मुद्दाम हरायचे. दुसरी दुर्लक्षाची. त्याने पाणी आणावे, सोंगट्या मांडाव्यात आणि गप्प बसावे. तिसरी रागाची, आणि ती पोर खरोखर जिंकायला लागले की दिसते.

आपल्याकडचा पट

या तिसऱ्या तऱ्हेसाठी अमेरिकेला जायचे कारण नाही. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींची गोष्ट मराठी माणसाला ठाऊक आहे. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या मुली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. दोनच वर्षांनी, १९७६ साली, तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्याआधी एकही मुलगी तिथे बसली नव्हती. तिने तीन राज्यविजेत्यांना हरवले आणि गहजब झाला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावेच का, असा वाद निघाला. प्रकरण न्यायालयापर्यंत आणि जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत गेले. महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह, स्वतः एके काळचे जगज्जेते. स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. १९८१ साली रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

या गोष्टीत दोन प्रकारची मोठी माणसे दिसतात. हरल्यावर नियम दाखवणारी आणि नियम दुरुस्त करून खुर्ची मोकळी करणारी. पटावरच्या सोंगट्यांना खेळणाऱ्याचे वय कळत नाही. पिनबॉलच्या गोळीलाही कळत नाही. वय फक्त भोवती बसलेल्यांना दिसते. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आपण पेढे वाटले. पण आपल्या गल्लीत, आपल्या टेबलावर, एखादे पोर आपल्याला हरवते तेव्हा आपला चेहरा कसा होतो, हे ज्याचे त्याने आरशात पाहावे.

आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा कुठेही जा. संध्याकाळी एखाद्या ओट्यावर किंवा दुकानाच्या पडवीत दिव्याखाली कॅरम रंगलेला दिसेल. चार मोठी माणसे बसलेली, सहा उभी. त्यांच्या कोपरांखालून एक लहान डोके बोर्डाकडे पाहत असते. भोकांतल्या सोंगट्या काढून देणे, पावडर आणणे, चहा सांगून येणे ही त्याची कामे. कोणता कोन घेतला, सोंगटी कुठे आपटून आली, हे त्याच्या डोळ्यांत नोंदले जात असते. त्याच्याकडे स्ट्रायकर मात्र क्वचितच येतो.

आई-बापांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. जिथे मोठी माणसे जमतात तिथे बिडी असते, तंबाखू असतो, कधी पैसेही लागतात. ला गार्डियांची काळजीही अगदीच निराधार नव्हती. पण त्यावर उपाय घणाचा नाही, सोबतीचा आहे. पोराला तिथे जायचे असेल तर बापाने, काकाने, मामाने त्याच्याबरोबर जावे, शेजारी बसावे आणि वेळेवर घरी आणावे. पोर आले म्हणून बिडी विझली, तर मोठ्यांचेही भलेच होईल!

हलका धक्का

पिनबॉलच्या यंत्रात एक सुंदर सोय असते. गोळी वाकडी चालली तर यंत्राला हाताने हलका धक्का देता येतो. तो खेळाचाच भाग आहे, जाणते खेळाडू त्यात तरबेज असतात. पण धक्का जोराचा झाला की यंत्रावर ‘टिल्ट’ अशी अक्षरे उमटतात, फ्लिपर निर्जीव होतात आणि गोळी आपल्या डोळ्यांदेखत खाली जाते. मुलांच्या छंदाचेही असेच आहे. हलका धक्का हवा. एखादे पुस्तक आणून द्यावे, जवळच्या गावच्या स्पर्धेला घेऊन जावे, चुकले तर कुठे चुकले ते सांगावे. पण “आता जिल्ह्यात पहिला आलाच पाहिजेस” म्हणून हिसका दिला, की टिल्ट. छंद तिथेच थांबतो.

आणि मुलाला काय हवे असते? गालगुच्चा नको असतो आणि मुद्दाम दिलेला विजयही नको असतो. त्याला बरोबरीचा डाव हवा असतो. समोरच्याने पूर्ण ताकदीने खेळावे, हरवावे, आणि हरल्यावर पुन्हा सोंगट्या मांडाव्यात. मोठ्यांच्या छंदात वाढणाऱ्या मुलाला हे मिळाले, तर त्याला आणखीही काही मिळते. वयाने चौपट असलेल्या माणसाशी नजर भिडवून बोलता येते, हरणे पचवता येते, आपली पाळी येईपर्यंत थांबता येते. शाळेच्या वर्गात सगळी एकाच वयाची. तिथे हे शिकायला मिळणे कठीण.

तो गंगाखेडकडचा मुलगा आज तिशी ओलांडलेला असेल. पुढच्या विंडोजमधून तो खेळही काढून टाकला गेला. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाच्या गर्दीत, पाळण्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांमधून फिरताना, त्या वयाचा एखादा तरुण पोराला खांद्यावर घेऊन दिसला की मला उगीच वाटते, हाच तर नसेल?

आम्ही चार निवृत्त मित्र रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर कॅरम खेळतो. गेल्या दिवाळीत माझी आठ वर्षांची नात बोर्डापाशी येऊन उभी राहिली. चार दिवस नुसती पाहत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, “आजोबा, मी बसू?” माझे जोडीदार म्हणाले, “अगं, डाव रंगात आलाय, उद्या बस.” मी उठलो आणि माझी जागा तिला दिली.

तिच्या पहिल्याच फटक्यात स्ट्रायकर भोकात गेला. ती आमच्याकडे पाहू लागली. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग समोरचे गुरुजी, तेच एमएस-सीआयटीच्या वर्गातले, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “दंड आहे. एक सोंगटी परत ठेवा.”

तिने मुकाट्याने सोंगटी मधल्या वर्तुळात ठेवली आणि पाठ ताठ करून बसली.