सोर्स कोड आणि त्यामागची साधने

सॉफ्टवेअर दोन रूपांत वाटले जाते: एक थेट चालणारी तयार फाइल आणि दुसरे तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, ज्यातून तयार फाइल घेणाऱ्यानेच घडवायची असते. या घडणीला लागणाऱ्या साधनांना, उदाहरणार्थ कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला आणि कामांचा क्रम लावणाऱ्या ‘मेक’ला, बिल्ड टूल म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचा पत्रा असला तरी हातोडी-ऐरणीवाचून घागर होत नाही. तसाच साधनांवाचून सोर्स कोड नुसता वाचण्यापुरता उरतो.

सॉफ्टवेअरमधले पुण्याशीच निगडित उदाहरण ‘लोहित देवनागरी’ या फॉन्टचे आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुले केले, २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले, आणि तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली. या फॉन्टच्या सोर्समध्ये अक्षरांच्या आकृत्या आणि जोडाक्षरे जुळवण्याचे नियम असतात, परंतु त्यांतून वापरण्याजोगा फॉन्ट तयार करण्यासाठी फॉन्टफोर्ज हा फॉन्ट-संपादक आणि पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा लागतात. फॉन्टफोर्जही सोर्समधून उभारायचे, तर सी कंपायलर, फ्रीटाइप ही फॉन्ट हाताळणारी लायब्ररी आणि २०२० पासून सीमेक हे बिल्ड टूल आधी हवे. शिवाय पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपल्यामुळे त्यावर विसंबलेल्या जुन्या स्क्रिप्ट नव्या आवृत्तीसाठी बदलाव्या लागतात.

हा भार हलका करण्यासाठी अनेक प्रकल्प ‘कॉन्फिगर’ ही संगणकाची चाचपणी करणारी स्क्रिप्ट आधीच निर्माण करून सोर्सच्या गठ्ठ्यात घालतात, त्यामुळे घेणाऱ्याला ती निर्माण करणारे ऑटोकॉन्फ हे साधन लागत नाही. मात्र यंत्रनिर्मित लांबलचक फाइल सहसा कोणी तपासत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सझेड’ या डेटा आकसणाऱ्या साधनाच्या प्रकरणात घातक कोड जागा करणारी बिल्ड फाइल प्रकाशित गठ्ठ्यात होती, सोर्सच्या सार्वजनिक गिट भांडारात नव्हती.

बिल्डच्या साधनांचा हा प्रश्न परवान्यांतही येतो: जीपीएलच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीने बिल्ड आणि स्थापनेच्या स्क्रिप्ट संपूर्ण सोर्सचाच भाग मानल्या, पण ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर सहसा मिळणारा कंपायलर त्यातून वगळला. तेव्हा सोर्स वाटणाऱ्याने साधने मोजकी व सहज मिळणारी निवडावीत, त्यांच्या आवृत्त्या स्पष्ट लिहाव्यात, आणि निर्मित फाइल दिल्यास ती पुन्हा निर्माण करण्याची रीतही द्यावी. एरवी सोर्स खुला असल्याचा दावा अपुराच राहतो.