विश्लेषण : स्टेडियम भरतात, मग रॉक संगीत मागे पडले असे का म्हणतात?

मे २०२५ मध्ये गन्स एन' रोझेस आणि जानेवारी २०२६ मध्ये लिंकिन पार्क. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दोन्ही बँड वाजले. तरीही मोबाइलवरच्या ट्रेंडिंग गाण्यांत रॉक क्वचितच दिसते. असे का?

रॉक मागे कधी पडले?

नील्सनच्या २०१७ च्या अहवालानुसार, अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी यांनी मिळून रॉकला पहिल्यांदाच मागे टाकले. त्यात स्ट्रीमिंगचा वाटा मोठा होता.

स्ट्रीमिंगचा फटका कसा बसतो?

स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद ऐकले की एक स्ट्रीम मोजला जातो. गाणे तीन मिनिटांचे असो वा आठ, मोजणी सारखीच. शिवाय रॅपर घरी लॅपटॉपवर गाणे पूर्ण करू शकतो. रॉक बँडला चार-पाच वादक, ड्रम सेट आणि सरावाची खोली लागते. आलेले पैसेही सगळ्यांत वाटले जातात.

मग गर्दी कोणासाठी होते?

बहुतेक वेळा जुन्या नावांसाठी. गन्स एन' रोझेसचा पहिला अल्बम १९८७ चा, लिंकिन पार्कचा २००० चा. मेटालिकाचे १९८६ चे 'मास्टर ऑफ पपेट्स' २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे नव्या पिढीने शोधून ऐकले. म्हणजे श्रोता आहे, पण नव्या बँडला तो सहज मिळत नाही.

मुंबईतील नव्या बँडची अडचण काय?

१९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवात धोबीतलाव येथील रंगभवनात कॉलेजचे बँड वाजत. मात्र २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रंगभवनाशेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्याने तेथील मैफली थांबल्या. महोत्सव इतरत्र गेला, २०१३ नंतर खंडित झाला आणि २०२२ मध्ये परतला.

पुढे वाट आहे का?

आहे. ढोल आणि मेटल एकत्र करणारा दिल्लीचा 'ब्लडीवूड' यूट्यूबवरून पुढे आला आणि २०२२ मध्ये जपानच्या फुजी रॉक महोत्सवात वाजला. पण प्रत्येक बँडचा व्हिडीओ व्हायरल होत नाही. बाकीच्यांना शंभर-दोनशे श्रोत्यांसमोर, परवडणाऱ्या भाड्यात वाजवता येईल अशी जागा हवी. ती मिळाली नाही, तर वीस वर्षांनी रेसकोर्स भरवणारे बँड कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे.