मुलांच्या संघातली एकटी मुलगी



फुटबॉल सगळ्यांना माहीत आहे. एका संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक सोडून कोणी चेंडूला हात लावायचा नाही. या खेळात ब्राझील देशाचे फार नाव आहे. पेले तिथलाच. पण त्याच देशातल्या मार्ता नावाच्या मुलीला फुटबॉल खेळण्यासाठी किती त्रास झाला, ते मी सांगणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. १९४१ साली ब्राझीलच्या सरकारने हुकूम काढला की, बायकांच्या प्रकृतीला न शोभणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. त्यात फुटबॉलही आला. ही बंदी १९७९ साली उठली. म्हणजे ३८ वर्षे! बंदी उठली, पण लोकांच्या मनातून ती लगेच गेली नाही.

मार्ताचा जन्म १९ फेब्रुवारी १९८६ रोजी दोइस रियाशोस या लहान गावात झाला. या नावाचा अर्थ दोन ओढे. पण तो भाग दुष्काळी आहे. मार्ता तान्ही असतानाच वडील घर सोडून गेले. आईला चार मुले. ती दिवसभर कामाला जायची, तेव्हा घर चालायचे. चेंडू घ्यायला पैसे कुठले? मार्ता हवा गेलेल्या चेंडूने खेळायची. तोही नसला तर पिशव्यांचा गोळा करायचा आणि खेळायचे.

गावात मुलींचा संघच नव्हता. म्हणून ती मुलांबरोबर खेळायची. लोक नावे ठेवायचे. एकदा स्पर्धेत दुसऱ्या संघाचे शिक्षक म्हणाले, ही मुलगी खेळणार असेल तर आम्ही आमचा संघ घेऊन जातो. मग तिलाच बाहेर काढले. तिचे काय चुकले होते? काहीच नाही. ती चांगली खेळत होती एवढेच.

चौदाव्या वर्षी ती रिओ शहरात गेली. बसचा प्रवास तीन दिवसांचा! तिथे वास्को द गामा या क्लबाने तिचा खेळ पाहिला आणि तिला घेतले. पुढे तिथला मुलींचा संघ बंद पडला, तरी तिने खेळ सोडला नाही. ती दुसऱ्या संघात गेली. २००४ साली स्वीडन देशातल्या उमेओ क्लबाने तिला बोलावले. तिथे बर्फ पडतो आणि भाषाही वेगळी. पण त्याच वर्षी तिच्या संघाने युरोपचा चषक जिंकला. खेळ हीच तिची नोकरी झाली. यालाच व्यावसायिक खेळाडू म्हणतात.

२००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा २०१८ साली ती जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. २०१९ साली तिने विश्वचषकातला आपला १७ वा गोल केला. तोपर्यंत बाई काय आणि पुरुष काय, कोणीच विश्वचषकात एवढे गोल केले नव्हते.

मला वाटते, मार्तासारख्या मुली आधीही असतील. त्या ३८ वर्षांत त्यांना कोणी मैदानावरच येऊ दिले नाही. मग त्यांचा खेळ कोणाला दिसणार?

आपल्या शाळेतही चेंडू मुलांकडेच असतो. आम्ही मुली कडेला उभ्या राहतो आणि चेंडू लांब गेला की आणून देतो. मुलींना येत नाही, असे मुले म्हणतात. पण खेळल्याशिवाय येईल कसे? म्हणून माझी विनंती आहे, येत्या शनिवारी आम्हालाही संघात घ्या. आणि पालकांनो, त्या दिवशी मुलीला घरी यायला थोडा उशीर झाला तर रागावू नका.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी