महागडी मोटार वाटेत का अडते?

मोटारीच्या पाटीवर ‘एमएच ३५’ ही अक्षरे दिसली, की ती गोंदिया जिल्ह्यात नोंदलेली गाडी आहे हे तुम्ही लगेच ओळखता. अशा पाटीच्या वर कधी तीन टोकांची चांदणी दिसते, कधी एकमेकांत गुंतलेली चार कडी, तर कधी निळे-पांढरे वर्तुळ. मर्सिडीझ, औडी आणि बीएमडब्ल्यू या जर्मन कंपन्यांची ही चिन्हे होत. या गाड्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. पुण्याजवळ पिंपरीला १९९५ मध्ये मर्सिडीझ गाड्यांची जुळणी सुरू झाली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीझ खरेदी केल्या, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

अशा गाड्या सात-आठ वर्षांनी जुन्या बाजारात येतात, तेव्हा त्यांची किंमत एखाद्या नव्या लहान गाडीइतकी खाली आलेली असते. मग घरोघरी वाद रंगतो. एक जण म्हणतो, “जर्मन बनावट आहे, मोडायचे नाव नाही.” दुसरा म्हणतो, “हा हत्ती पोसायचा कोणी?” दोघांपैकी खरे कोणाचे? हे ठरवायला मोटारीचे शौकीन असण्याची गरज नाही. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आला, की पुरे!

पहिली लांबची फेरी

कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट १८८६ मध्ये घेतले. परंतु लोकांचा त्या गाडीवर विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बर्टा दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला त्या गाडीने गेल्या. अंतर होते सुमारे १०५ किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. एका तारेवरचे आवरण झिजले, तेथे त्यांनी मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले.

म्हणजे जगातली मोटारीची पहिली लांब फेरी बिघाडांशिवाय पार पडली नाही. तरीही ती पार पडली. कारण प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसत होता आणि हाताशी असलेल्या वस्तूने दुरुस्त होत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

साखळीचे गणित

‘साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढी’ असे आपण समजतो. यंत्रांच्या बाबतीत हे पुरते खरे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत रॉबर्ट लुसर नावाचे अभियंते उडत्या बॉम्बवर काम करीत होते. त्या यंत्रात वारंवार बिघाड होत. एरिक पिएरुश्का या गणितज्ञाने एक मुद्दा दाखवून दिला. सर्व भाग चालले तरच यंत्र चालणार असेल, तर यंत्राचा भरवसा म्हणजे प्रत्येक भागाच्या भरवशांचा गुणाकार असतो. हा नियम पुढे लुसर यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आता आपण आकडेमोड करू. समजा, एक भाग वर्षभर न बिघडण्याची शक्यता ०.९९ आहे. म्हणजे असे शंभर भाग घेतले, तर वर्षाअखेर नव्याण्णव चांगले राहतील. ऐकायला किती छान! परंतु एकमेकांवर अवलंबून असलेले असे १० भाग जोडले, की संपूर्ण यंत्र वर्षभर बिनतक्रार चालण्याची शक्यता ०.९९ ला दहा वेळा गुणून येते, म्हणजे सुमारे ०.९०. भाग १०० झाले, तर ती ०.३७ वर घसरते! शंभर यंत्रांपैकी जेमतेम सदतीस यंत्रे वर्षभर बिनतक्रार चालतील. कारखान्याने प्रत्येक भाग दहापट चांगला केला, म्हणजे भरवसा ०.९९९ केला, आणि त्याच वेळी भागांची संख्या १,००० वर नेली, तर उत्तर पुन्हा ०.३७ च्या आसपासच येते.

आता तुमच्या लक्षात आले असेल. महागड्या गाडीचा एक-एक भाग स्वस्त गाडीच्या भागापेक्षा निकृष्ट नसतो, उलट बहुधा सरसच असतो. पण असे भाग तिच्यात फार असतात. हवेवर तरंगणारी बैठक, आपोआप वळणारे दिवे, आसनांतील मोटारी, दारे हळूच ओढून घेणारी यंत्रणा अशा प्रत्येक सुखसोयीबरोबर साखळीत नव्या कड्या वाढतात.

अर्थात प्रत्येक भाग बिघडला म्हणून गाडी थांबत नाही. शिवाय जिवाशी गाठ असते तेथे अभियंते साखळीऐवजी दुहेरी दोर वापरतात. ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. प्रत्येकाची बिघडण्याची शक्यता ०.०१ धरली, तर दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता ०.०१ × ०.०१ म्हणजे ०.०००१ एवढीच उरते. म्हणून ‘ही गाडी फार बिघडते’ याचा अर्थ ‘ही गाडी धोक्याची आहे’ असा होत नाही.

शहाणी गाडी

१९७८ मध्ये बॉश या जर्मन कंपनीने तयार केलेली, चाके घसरू न देणारी विद्युत्-ब्रेकप्रणाली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत आली. १९८६ मध्ये बॉशनेच गाडीतील अनेक छोट्या संगणकांना एकाच तारांच्या जोडीवरून बोलू देणारी पद्धत जगापुढे मांडली. आज काही आलिशान गाड्यांत असे सत्तर ते शंभर नियंत्रक असतात.

हे नियंत्रक इंजिनाची नाडी सतत तपासतात. एखाद्या संवेदकाने ‘उष्णता फार वाढली’ असे कळवले, की गाडी आपणहून शक्ती कमी करून रखडत चालू लागते. यामुळे इंजिन वाचते. पण कधी इंजिन ठणठणीत असते आणि संवेदकच खोटे बोलतो! तरीही गाडी रखडतेच. अशा वेळी टोपीची पिन कामाला येत नाही. दोष वाचणारा संगणक लागतो, आणि तो वाचता येणारा कारागीर लागतो.

या शहाणपणाची किंमत खुद्द कारखानदारांनीही मोजली आहे. विद्युत्-नियंत्रित ब्रेकमधील दोषामुळे मर्सिडीझने २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २००५ मध्ये विद्युत् यंत्रणा आणि ब्रेक यांसाठी आणखी सुमारे १३ लाख गाड्या बोलावल्या गेल्या.

याच कंपनीच्या १९७६ सालच्या साध्या डिझेल गाडीने मात्र वेगळाच विक्रम केला. ग्रीसमधील टॅक्सीचालक ग्रेगोरिओस सहिनिदिस यांनी ती ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. तिचेही इंजिन अनेकदा बदलावे लागले होते. म्हणजे दीर्घायुष्याचे रहस्य ‘न बिघडणे’ हे नव्हते, तर ‘दुरुस्त करता येणे’ हे होते.

ऊन, धूळ आणि उंदीर

कारखान्यात ठरलेला भरवसा जागा बदलली की बदलतो. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापमान १० अंशांनी वाढले, की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. बॅटरी, रबरी नळ्या, पाणी खेळवणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडण्या यांचे म्हातारपण म्हणजे एक रासायनिक क्रियाच. तेव्हा २५ अंशांवर जी नळी दीर्घकाळ टिकेल, ती ४५ अंशांवर फार लवकर कडक होऊन तडकते.

गोंदिया हे धानाच्या गिरण्यांचे गाव. हवेत तुसाची बारीक धूळ असते, म्हणून हवेची गाळणी पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच तपासावी लागते. जेथे धान तेथे उंदीर. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. उबदार इंजिनाशेजारची तारांची जुडी त्याला आयतीच सापडते. शंभर नियंत्रकांच्या गाडीत एक तार तुटली, तर ती शोधण्यातच दिवस जातो.

नव्या डिझेल गाड्यांत धुराड्यातील काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळते. त्यासाठी गाडी बराच वेळ एका वेगाने धावावी लागते. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढ्याच फेऱ्या झाल्या, तर ती गाळणी तुंबते. अशा गाडीला अधूनमधून कोहमाऱ्याच्या पुढे महामार्गावर पळवणे ही चैन नसून औषध आहे.

नागपूर किती दूर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोंदियाहून नागपूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. समजा, एक गाडी सरासरी १८० दिवस चालून एकदा बिघडते. कारागीर गावातच असेल आणि एका दिवसात काम होत असेल, तर ती १८१ पैकी १८० दिवस, म्हणजे शेकडा ९९ हून अधिक वेळ, तुमच्या हाताशी असेल. आता तीच गाडी, तोच बिघाड. पण ती दुसऱ्या वाहनावर लादून नागपूरला न्यायची, भाग मागवायचा आणि एकूण २० दिवस थांबायचे. मग २०० पैकी १८० दिवस, म्हणजे शेकडा ९०. वर्षातले ३६ दिवस गाडी घरी नाही! गाडी तसूभरही वाईट झालेली नाही, फक्त अंतर वाढले. घरात कोणी आजारी असेल आणि हीच एकमेव गाडी असेल, तर या ३६ दिवसांचे मोल पैशांत मोजता येणार नाही.

मग घ्यावी का?

यंत्रांच्या बिघाडांचा आलेख आंघोळीच्या टबासारखा असतो. सुरुवातीला काही बिघाड होतात, मग बरीच वर्षे सपाट शांतता असते, आणि शेवटी झिजेमुळे रेषा पुन्हा चढू लागते. जुनी गाडी पुष्कळदा या चढाच्या पायथ्याशी विकायला येते. गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची मात्र उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा भाग, ती गाडी दहा लाखांना घेतली तरी पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो.

म्हणून उत्तर गाडीच्या चिन्हात नसून चार प्रश्नांत आहे. गाडीच्या देखभालीची पूर्ण वही आहे का? हमीची मुदत शिल्लक आहे का? दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम ठेवता येईल का? आणि गाडी वीस दिवस नसली, तर घरात दुसरे वाहन आहे का? चारही उत्तरे ‘होय’ असतील, तर त्या गाडीची भक्कम बांधणी आणि सुरक्षितता यांचा आनंद खुशाल घ्यावा. दोन जरी ‘नाही’ असली, तरी साधी गाडी हाच शहाणपणाचा मार्ग होय.

करून पाहा

हे गणित सायकललाही लागू पडते. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, काय बिघडले, दुरुस्तीला किती वेळ लागला, किती पैसे लागले. वर्गातील दहा मित्रांच्या सायकलींची अशी नोंद सहा महिने ठेवा. गिअर असलेल्या आणि नसलेल्या सायकली वेगळ्या काढा. प्रत्येक सायकल शंभर दिवसांपैकी किती दिवस चालू होती, ते काढून पाहा. पुढे घरात गाडीचा विषय निघाला, की ही वही मोठ्यांसमोर ठेवा.