‘बॉण्ड’ या शब्दाचे कूळ

‘बॉण्ड’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या वाड्यावस्त्यांत कोणालाही परका राहिलेला नाही. तहसील कचेरीसमोरच्या मुद्रांक विक्रेत्याकडे आपण वर्षानुवर्षे ‘शंभरचा बॉण्ड द्या’ असे म्हणत आलो. (ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुतेक दस्तांसाठी हा शंभर-दोनशेचा कागद पाचशेचा करून टाकला.) वास्तविक तो कागद म्हणजे बॉण्ड नव्हेच, तो नुसता मुद्रांक. त्यावर काही लिहून दिले म्हणजे त्याचा बॉण्ड होतो. डॉक्टर होणाऱ्या मुलाला ग्रामीण सेवेचा बॉण्ड असतो, पोलीस ठाण्याशी संबंध आलेल्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेतात, आणि वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर त्याच शब्दाने पैसेवाल्यांना पैसा कोठे ठेवावा हे सांगितलेले असते. एकाला बांधणारा आणि दुसऱ्याला व्याज देणारा असा हा एकच शब्द. त्याचा इतिहास तपासून पाहिला पाहिजे, असे इंग्रजीची अध्यापिका म्हणून मला पुष्कळ दिवस वाटत होते.

पहिली गोष्ट ही की हा शब्द एका कुळाचा नाही. करारपत्र, कर्जरोखा या अर्थाचा ‘बॉण्ड’ हा ‘बँड’ या शब्दाचेच दुसरे रूप. बँड म्हणजे पट्टी, दोरी, बांधण्याचे साधन. इंग्रजीतील ‘बाइंड’ आणि आपला ‘बंध’ हे एकाच आदिम धातूपासून निघालेले आहेत. तेव्हा शासकीय परिभाषेत बॉण्डला ‘बंधपत्र’ म्हणतात तेव्हा नकळत दोन दूरच्या भावंडांची भेट होते.

परंतु ‘बॉण्डमन’ म्हणजे दास आणि ‘बॉण्डेज’ म्हणजे दास्य, या शब्दांतला ‘बॉण्ड’ निराळा आहे. तो उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्लंडात आला. मूळ शब्द ‘बोन्दी’. ‘बोन्दी’ म्हणजे घर करून, जमीन कसून राहणारा स्वतंत्र शेतकरी. ज्या धातूपासून तो निघाला त्याच्याच गोतावळ्यात संस्कृतचा ‘भू’ हा धातू येतो. दोरीशी, बांधण्याशी याचा काही संबंध नाही. इंग्रजीतील ‘हजबंड’ या शब्दाच्या शेवटी हाच बोन्दी बसलेला आहे. मूळ अर्थ घराचा धनी.

मग घराचा धनी दास कसा झाला? १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या शे-दोनशे वर्षांत जमिनीची मालकी सरदारांच्या हाती एकवटली आणि कसणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग जमिनीला जखडला गेला. त्याला सरदाराच्या शेतावर ठरावीक दिवस वेठ करावी लागे; त्याच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे; मुलीचे लग्न करायचे तर पैसे भरावे लागत. माणूस तोच, त्याचे नाव तेच, पण नावाचा अर्थ घसरला. ‘बॉण्ड’ म्हणजे कसणारा, आणि कसणारा म्हणजे गुलामासारखा राबणारा, असे समीकरण झाले. आता हा खालावलेला शब्द आणि दोरीवाला शब्द ऐकायला सारखेच. लोकांना वाटू लागले की हा माणूस बांधलेला आहे म्हणूनच त्याला बॉण्डमन म्हणतात. दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि तो एके काळी स्वतंत्र होता याची खूण भाषेतून पुसली गेली. ज्यांच्या पूर्वजांच्या हातून काय काय गेले याची कोठे नोंदच राहिलेली नाही, अशा आपल्यासारख्यांना ही शब्दाची गोष्ट केवळ भाषाशास्त्राची वाटणार नाही.

इंग्लंडातील हे बांधलेले शेतकरी १३८१ साली उठले. त्यांनी ठिकठिकाणी सरदारांच्या दफ्तरांतील नोंदवह्या जाळल्या, कारण कोणाचा बाप कोणाचा दास होता हे त्या वह्यांत लिहिलेले होते. राजाने दास्य रद्द करण्याचे वचन दिले आणि उठाव मोडताच ते परत घेतले.

दोरीवाल्या बॉण्डकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडात या कागदाची एक युक्ती होती. कर्ज पन्नास पौंडांचे असले तर ऋणको लिहून देई की मी शंभर पौंड देणे लागतो. मात्र अमुक दिवशी पन्नास फेडले तर हा कागद रद्द समजावा. एक दिवस चुकला की शंभर देणे आले. म्हणजे कागदावर कर्ज नव्हे, दंडच आधी लिहिलेला. न्यायालयांनी या दंडाला लगाम घातला तो सतराव्या शतकात आणि अठराव्याच्या आरंभी. पण आपल्याकडच्या १८९९ च्या मुद्रांक अधिनियमातील ‘बॉण्ड’ची व्याख्या पाहा. विशिष्ट कृती केल्यास बंधन रद्द होईल, ही जुनी अट तेथे अजून आहे. आणि धान्य अथवा शेतमाल देण्याचे लिहून दिले तरी तो बॉण्डच, असेही त्यात म्हटले आहे. हा कागद कोणाच्या अंगठ्यासाठी आहे हे कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक होते.

पदवीच्या वर्गाला मी शेक्सपियरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवते. हे नाटक १५९६-९७ च्या सुमारास लिहिले गेले आणि त्याचा सगळा डोलारा एका बॉण्डवर उभा आहे. तीन हजार डुकाट, तीन महिन्यांची मुदत, मुदत चुकल्यास अंगाचे एक पौंड मांस. त्यातील ज्यू सावकाराचे चित्र त्या काळच्या ज्यूद्वेषातून आलेले आहे, हे मी आधी सांगते. वक्तृत्व स्पर्धांत मुले दयेवरचे प्रसिद्ध भाषण पाठ म्हणतात. त्या भाषणाच्या अगोदर न्यायसभेत शायलॉक काय विचारतो, ते मात्र कोणी पाठ म्हणत नाही. तो व्हेनिसच्या प्रतिष्ठितांना विचारतो की तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत, त्यांना तुम्ही गाढवा-कुत्र्यासारखे राबवता; त्यांना सोडा म्हटले तर तुम्ही म्हणाल, ते आमचे आहेत; तसेच हे मांस माझे आहे. ड्यूक या प्रश्नाला उत्तर देत नाही. विषय बदलतो. माणसाच्या अंगावर मालकी असू शकते हे सगळ्या सभेला मान्य आहे, वाद फक्त प्रतिष्ठिताच्या अंगाचा आहे, ही गोष्ट वर्गात उलगडली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून पाहतात.

ब्रिटिश राज्याबरोबर हा कागद दख्खनेत आला. सावकारी आधीही होती, खतेही होती. नवे होते ते दिवाणी कोर्ट आणि त्याचा कागदावरचा विश्वास. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची केली. हेतू रयतेच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा. सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. आपल्या दस्तांत दोन पक्षांना ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ म्हणतात. लिहून देणाऱ्याला बहुधा लिहिताच येत नसे! आणि सावकार आपल्या ऋणकोला ‘कूळ’ म्हणे, हेही ध्यानात ठेवावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला, तो नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. चौकशी आयोगाला दिसले की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते आणि हुकूमनामे मिळाले की ते जाळीत. १३८१ च्या शेतकऱ्यांची गोष्ट त्यांनी कोठून ऐकली असणार? पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार दिला.

पण लिहून देण्यासाठी सुप्याच्या कुणब्याजवळ निदान जमीन होती. ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याने काय लिहून द्यावयाचे? तो स्वतःला लिहून देई, आणि त्यासाठी कागदही लागत नसे. मराठवाड्यातला सालगडी, खानदेश-वऱ्हाडातला सालदार, ठाणे जिल्ह्यातला लग्नासाठी कर्ज काढून बांधला जाणारा आदिवासी लग्नगडी, यांचे बंधपत्र हवेत लिहिलेले असते. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल धरायचे, पाडव्याला फिटायचे, आणि बहुधा फिटायचे नाही. पदवी घेणारी घरातली मी पहिली. पहिल्या नोकरीच्या वेळी एका संस्थेने माझ्याकडून मुद्रांकावर लिहून घेतले की मी तीन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरीन. घरी आल्यावर मी वडिलांना सांगितले की बॉण्ड लिहून दिला. त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “किती सालाचं हाय, पोरी?”

आता या शब्दाची उजळ बाजू. सरकार किंवा कंपनी कर्ज काढते तेव्हा जो कागद देते त्यालाही बॉण्ड म्हणतात. आपण रोखे म्हणतो. इंग्लंडात सरकारी रोख्यांना ‘स्टॉक’ वा ‘गिल्ट’ म्हणण्याची रीत आहे, वस्तू तीच. येथे बांधले जाते सरकार आणि कागद असतो धनिकाच्या तिजोरीत. या दोन बाजू एकाच व्यवहारात पाहावयाच्या असतील तर १८३३ चा ब्रिटिश गुलामगिरी निर्मूलन कायदा पाहावा. त्या कायद्याने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. सुमारे आठ लाख गुलामांना एक पेनीही नाही. उलट ‘शिकाऊ उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्यांतील बहुसंख्यांना १८३८ पर्यंत जुन्या मालकाकडेच राबावे लागले. या भरपाईसाठी सरकारने १८३५ साली दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले. ते पुढच्या सरकारी रोख्यांत मिसळत गेले आणि शेवटी फिटले २०१५ साली. म्हणजे ज्यांना वेठीस धरले त्यांची नातवंडे-पतवंडे ब्रिटनमध्ये नोकऱ्या करून जो कर भरीत होती, त्यातूनही हे देणे फेडले गेले. गुलाम सुटताच मळ्यांना दुसरे हात हवे होते. १८३४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अ‍ॅटलास’ जहाजाने करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसला उतरवले. पुढे कोकणातली मराठी माणसेही तिकडे गेली. त्या कराराला, ‘अ‍ॅग्रीमेंट’ला, मजुरांनी ‘गिरमिट’ असे नाव दिले. त्यांनी शब्द मोडला आणि अर्थ बरोबर पकडला, असे मला वाटते.

आपल्याकडचे सर्वांत जुने बंधपत्र जातीचे. महारवतन हे नाव ऐकायला मालमत्तेसारखे. प्रत्यक्षात तुटपुंज्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात साऱ्या सरकारी कामांची आणि गावकीची बिनतासांची चाकरी. त्यावर कोणी सही केली होती? कोणीही नाही. जन्म हीच सही. मार्च १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते हा बिनकागदी करार तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. तोवर संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरून आठ वर्षे झाली होती.

आजचे दोन नमुने शेजारी ठेवते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक रोखे आणले; एक हजारापासून एक कोटीपर्यंत. त्या रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे आणि कोणत्या पक्षाला दिला हेही लोकांना कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. दुसरा नमुना १९७८ च्या मोतीराम खटल्याचा. मोतीराम गवंडी. त्याला सोडावयाचे तर दहा हजारांचा जामीनदार आणा, असे मॅजिस्ट्रेटने म्हटले. भाऊ जामीन राहायला आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘बॉण्ड’ची आता स्वतंत्र व्याख्या आहे: जामीनदारावाचून सुटकेसाठी दिलेली हमी. कार्यकर्त्यांनी ती व्याख्या खिशात ठेवावी. श्रीमंताच्या बॉण्डवर नाव लागत नव्हते. गरिबाच्या बॉण्डवर त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, धंदा आणि अंगठा, सारे लागते, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून शेजाऱ्याचा सातबाराही.

राहता राहिला १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम. तो आपल्याकडे वाचला जात नाही अशी माझी तक्रार आहे. या कायद्याच्या व्याख्येने बॉण्डचा सारा इतिहास एका कलमात गोळा केला आहे. उचल स्वतः घेतली असो वा पूर्वजांनी, कागद असो वा नसो. रूढीने आलेले बंधन असो, वारशाने आलेले असो, वा अमुक जातीत जन्मल्यामुळे आलेले असो. त्यापायी कोणी नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा दुसरीकडे काम करण्याचे, कोठेही जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर ती वेठबिगारी होय. असे कर्ज कायद्याने संपते. ते वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार पंधराव्या कलमाने धनकोवर टाकला आहे. मजुराने काही सिद्ध करावयाचे नाही. शिवाय १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याची उचल, वीटभट्टीवरची उचल, या सगळ्या प्रकरणांना हा कायदा लागू होतो की नाही हे त्या त्या ठिकाणची वस्तुस्थिती पाहूनच ठरेल. ती पाहण्यासाठी तेराव्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती सांगितली आहे. तिच्यात जिल्ह्यात राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती आणि दोन समाजकार्यकर्ते असावे लागतात. आपल्या जिल्ह्यात ही पाच नावे कोणाची आहेत आणि समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. विचारावयाचे ते पावसाळ्यातच विचारावे. कारखाना पेटण्याआधी, उचल वाटली जात असते तेव्हा.