सूर्य फुकट, बॅटरी विकत : बांगलादेशच्या सौरदिव्यांचा हिशेब

दुकानाच्या छपरावर सौर पॅनेल बसवावे काय, हा प्रश्न आज अनेक दुकानदार व कारागीर बंधूंपुढे आहे. विक्रेता पॅनेलचे गुण रंगवून सांगतो, वीज किती वर्षे फुकट मिळेल तेही सांगतो. बॅटरीचा विषय निघाला की मात्र दोन शब्दांत आटोपते घेतो. आमच्या मते नफा-तोट्याचा खरा हिशेब तेथेच दडलेला आहे. तो समजून घेण्यासाठी शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव पाहण्यासारखा आहे, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरोघरी पॅनेल आणि बॅटरी पोहोचविण्याचा प्रयोग जगात फार थोड्या देशांनी केला आहे.

हप्त्याने विकलेला उजेड

२००३ साली बांगलादेशच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य घरांत वीज नव्हती. नद्यांनी कापलेल्या त्या मुलुखात खांब रोवून तारा ओढणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम. त्या वर्षी 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सौरसंचांची योजना सुरू केली. त्याआधी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रामीण शक्ती' या संस्थेने असे संच खेड्यांतून विकून दाखविले होते.

संच साधाच होता. छपरावर वीस ते शंभर वॅटचे पॅनेल, खाली एक शिशाची बॅटरी, मध्ये चार्ज कंट्रोलर आणि चार-पाच दिवे. पन्नास वॅटच्या पॅनेलवर रात्रीचे चार तास दिवे, मोबाइलचे चार्जिंग आणि एक लहान टीव्ही एवढे भागत असे. ग्राहकाने किमतीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के रक्कम आधी भरायची, उरलेली सुमारे तीन वर्षांच्या हप्त्यांत फेडायची. सुरुवातीला प्रत्येक संचामागे थोडे अनुदान होते, पुढे ते टप्प्याटप्प्याने घटविण्यात आले.

ही खैरात नव्हती, व्यापार होता. सुमारे पन्नास संस्था व कंपन्या गावोगाव संच विकत, बसवून देत आणि हप्ते वसूल करण्यास जात. हप्त्यासाठी येणारा माणूसच बॅटरीचे पाणी तपासून, सैल तार घट्ट करून जाई. ग्राहकाचा विश्वास बसला तो यामुळे. हाटातील दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहू लागली. कोणी मोबाइल चार्ज करून देण्याचा धंदा काढला. 'ग्रामीण शक्ती'च्या तंत्रकेंद्रांत खेड्यांतील स्त्रिया चार्ज कंट्रोलर व दिवे जोडण्यास शिकल्या. १९५४ साली स्थापन झालेल्या 'रहिमअफरोझ'सारख्या देशी कारखानदारांना बॅटरीची मोठी बाजारपेठ मिळाली. २०१३ या एका वर्षात आठ लाखांहून अधिक संच बसले. योजनेतील एकूण आकडा चाळीस लाखांच्या वर गेला आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरात उजेड पोहोचला.

गणित कोठे बिघडले?

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. सरकारने दुसऱ्या योजनांतून असेच संच मोफत वाटण्यास प्रारंभ केला. शेजाऱ्याला फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते आपण का भरावेत, असे ग्राहकाला वाटू लागले. दुसरे म्हणजे विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर गावात आल्या. वसुली थकली, संस्थांची उधारी अडकली. संस्थांनी शाखा आवरत्या घेतल्या आणि हप्त्याच्या निमित्ताने येणारा दुरुस्तीवालाही दिसेनासा झाला.

नेमक्या त्याच काळात हजारो बॅटऱ्यांचे आयुष्य संपत आले होते. पॅनेलची हमी वीस वर्षांची, बॅटरीची पाच वर्षांची. म्हणजे एका पॅनेलच्या आयुष्यात निदान तीन वेळा नवी बॅटरी घ्यावी लागणार. हे ज्याने आधी धरले नव्हते, त्याच्या छपरावर चांगले पॅनेल आणि घरात अंधार, अशी स्थिती झाली. जुन्या बॅटऱ्या भंगारात गेल्या. त्या उघड्यावर फोडून शिसे वितळविले जाते तेथे माती व हवा विषारी होते, आणि त्याची झळ सर्वांत आधी लहान मुलांना बसते.

मार्च २०२२ मध्ये देशाच्या सर्व भागांत वीज पोहोचल्याची घोषणा झाली. परंतु त्याच वर्षीच्या जुलैत इंधन महागल्याने सरकारला भारनियमन जाहीर करावे लागले आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी वीजजाळे कोसळून देशाचा मोठा भाग काही तास अंधारात गेला. तार आली म्हणजे वीज आलीच असे नव्हे, हे त्या दिवशी सर्वांना कळले. ज्याने आपली बॅटरी सांभाळली होती, त्याच्या दुकानात मात्र दिवा होता.

आपल्या वाचकांसाठी

यातून व्यवहाराच्या काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, बॅटरीचा खर्च दरवर्षाचा धरावा. समजा, बॅटरी १५,००० रुपयांची आहे. पाच वर्षे चालली तर वर्षाला ३,००० पडले. तीन वर्षांतच गेली तर ५,००० पडले. ही रक्कम पहिल्या महिन्यापासून बाजूला काढावी.

दुसरी, बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास वीज असते, पण तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सातशेच्या आसपास हाती उरते. तेवढ्यात दोन पंखे व दोन ट्यूब मिळून १४० वॅटचा भार सुमारे पाच तास चालतो. शिलाईची मोटर किंवा इस्त्री जोडली की हे गणित पार बदलते.

तिसरी, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आज महाग दिसते, परंतु तिची ऐंशी टक्क्यांपर्यंत वीज वापरता येते आणि ती कितीतरी अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. २०१० नंतर लिथियम बॅटऱ्यांचे जागतिक भाव नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले आहेत. म्हणून केवळ आजची किंमत न पाहता वर्षाचा खर्च तोलावा.

चौथी, नेट मीटरवर चालणारे बॅटरीविना पॅनेल वीजबिल कमी करते, पण वीज गेली की तेही बंद पडते. लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी ती यंत्रणाच तशी असते. बिल वाचवायचे आहे की अंधार टाळायचा आहे, हे आधी ठरवावे.

आणि शेवटची, स्वस्त विक्रेत्यापेक्षा दुरुस्तीला येणारा विक्रेता बरा. त्याचे दुकान आपल्याच गावात आहे काय, जुनी बॅटरी तो परत घेतो काय, हमी लेखी देतो काय, हे विचारून मगच बयाणा द्यावा. बांगलादेशात पॅनेल कमी पडले नव्हते. बॅटरीची विचारपूस करणारा माणूस कमी पडला. ज्या कारागीर बंधूंच्या हातात वायरिंगचे काम आहे, त्यांनी ही जागा ओळखावी. पुढील रोजगार तेथे आहे.