फॉरमॅट करण्याआधी डिस्क ओळखा

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण रेडिओ संदेश पृथ्वीवरून टिपण्याचे काम जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने केले. यान जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी तो संदेश थांबला आणि यान मंगळावर आदळून नष्ट झाले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकड्यांनी टिपलेले तरंग ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात, तिथे त्यांचे आकडे होतात आणि ते आकडे शेवटी संगणकाच्या डिस्कवर उतरतात. खोडदच्या दुर्बिणीतून वर्षानुवर्षे केलेल्या पल्सारच्या, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदीही वापरून भारतीय शास्त्रज्ञांनी जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. अशा नोंदी पुन्हा घेता येत नाहीत. ठरावीक रात्री पल्सारचा स्पंद कोणत्या क्षणी पोचला, हे दुसऱ्या रात्री मोजता येणार नाही. म्हणून विज्ञानाच्या कोणत्याही केंद्रात, बँकेत किंवा तालुक्याच्या कचेरीत डिस्क सांभाळणाऱ्या माणसाचे पहिले काम माझ्या मते हेच: समोरची डिस्क नेमकी कोणती आहे आणि तिच्यावर काय आहे, हे खात्रीने ओळखणे.

हे वाटते तितके सरळ नाही. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात डिस्कला सहसा 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे मिळतात आणि तिच्या भागांना, म्हणजे पार्टिशनना, 'एसडीए१', 'एसडीए२' अशी. ही नावे डिस्कवर कुठेही लिहिलेली नसतात. यंत्र सुरू होताना जी डिस्क आधी सापडली ती 'ए', नंतरची 'बी', एवढाच त्यांचा अर्थ. एखादी जुनी डिस्क बंद पडली, नवे कार्ड बसवले, यूएसबीची डिस्क लावून यंत्र पुन्हा सुरू केले, की कालची 'बी' आज 'सी' होऊ शकते. शेतजमिनीत 'विहिरीपलीकडचा तिसरा तुकडा' ही खूण आणि सातबारावरचा गट नंबर यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. बांध सरकला, विहीर बुजली तरी गट नंबर बदलत नाही. डिस्कच्या बाबतीत असे पक्के नंबर दोन आहेत. एक म्हणजे कारखान्याने दिलेला अनुक्रमांक, जो डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो आणि तिच्या आतही नोंदलेला असतो. दुसरा यूयूआयडी. लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची व्यवस्था, तयार होताना हा १२८ बिटांचा क्रमांक तिच्यात लिहिला जातो आणि पडद्यावर तो ३२ अक्षर-अंकांच्या रूपात दिसतो.

हे नंबर वाचायला टर्मिनलवरच्या तीन कमांड पुरतात, पण तिन्ही कमांड वेगवेगळ्या ठिकाणी विचारणा करतात. गफलत होते ती हे ध्यानात न घेतल्यामुळे. 'एफडिस्क'ला यादी मागितली की ती पार्टिशनची नोंदवही वाचते. जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंदवही डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असते. त्यातले फक्त ६४ बाइट पार्टिशनांसाठी राखलेले, प्रत्येकाला १६, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. सेक्टरचा आकडा ३२ बिटांत मावायचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरची सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा ही पद्धत मोजूच शकत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही मर्यादा नाही, शिवाय नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पण नोंदवही सांगते ते फक्त हद्दीबद्दल. तिथे 'लिनक्स' लिहिले आहे म्हणून आत खरोखर कोणती फाइल सिस्टीम आहे, हे सिद्ध होत नाही. ते पाहते 'बीएलकेआयडी'. ती पार्टिशनच्या आत जाऊन ओळखीच्या खुणा शोधते. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम असेल तर पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून पुढे तिचा मुख्य तक्ता सुरू होतो आणि त्यात ठरलेल्या जागी तिची खूण असते. तिसरी 'एलएसबीएलके'. ती सहसा डिस्क स्वतः वाचत नाही. लिनक्सच्या गाभ्याने आणि यंत्रणेने आधीच जमवलेली माहिती ती झाडासारखी मांडून दाखवते: कोणत्या डिस्कचे कोणते भाग, किती आकार, कुठे जोडलेले. तिला मॉडेल, अनुक्रमांक आणि यूयूआयडीचे रकाने मागितले तर एका ओळीत डिस्कची सगळी कुंडली समोर येते.

या तिघींचे म्हणणे जुळले नाही, तर तीच सर्वांत मोलाची माहिती समजावी. एखाद्या डिस्कवर 'एफडिस्क'ला एकही पार्टिशन दिसत नाही, म्हणून घाईतला माणूस ती कोरी समजतो. पण पार्टिशन न पाडता सबंध डिस्कवर थेट फाइल सिस्टीम घालता येते आणि अशा डिस्कवर 'बीएलकेआयडी'ला भरलेले घर सापडते. तसेच 'कुठेही जोडलेली नाही' म्हणजे 'वापरात नाही' असेही नव्हे. अनेक डिस्क मिळून एक मोठी डिस्क करणाऱ्या रेड किंवा एलव्हीएम रचनेतला सुटा भाग स्वतः कुठेच जोडलेला दिसत नाही. तो पुसला तर पूर्ण रचना धोक्यात येते.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. खिडक्या-चित्रांचे प्रोग्राम असताना कमांड कशाला, हा पहिला. घरच्या संगणकावर तो मान्य. सर्व्हरला मात्र बहुधा पडदाच नसतो, माणूस दुसऱ्या गावाहून जोडलेला असतो. शिवाय कमांडचे उत्तर मजकूर असते, त्यामुळे ते जपून ठेवता येते आणि बदलाआधीचे व नंतरचे उत्तर शेजारी ठेवून ताडता येते. दुसरा आक्षेप असा, की बॅकअप असेल तर इतकी भीती कशाला? पण चूक होण्याची सर्वांत मोठी संधी बॅकअप घेतानाच असते, कारण एक भरलेली आणि एक रिकामी अशा दोन सारख्या आकाराच्या डिस्क तेव्हाच शेजारी लागलेल्या असतात. डिस्कची नक्कल करणाऱ्या 'डीडी' या कमांडला 'इकडून तिकडे' ऐवजी 'तिकडून इकडे' सांगितले, तर ती एकही प्रश्न न विचारता भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क उतरवते. ईएक्सटी४ बनवणारी कमांड जुनी फाइल सिस्टीम दिसली तर थांबून विचारते, एक्सएफएसची तर जबरदस्तीचा पर्याय दिल्याखेरीज पुढेच जात नाही. 'डीडी'जवळ असा कोणताही उंबरठा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: यूयूआयडी तरी कुठे अढळ आहे? 'डीडी'ने डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर यूयूआयडीचीही नक्कल होते आणि एकाच नंबरच्या दोन डिस्क यंत्राला दिसतात. हे खरे आहे. कारखान्याचा अनुक्रमांकही यूएसबीच्या काही स्वस्त डब्यांतून नीट पोचत नाही, तिथे डिस्कऐवजी डब्याचाच नंबर दिसतो. पण यावरून निघतो तो एवढाच निष्कर्ष, की एका साक्षीवर निकाल देऊ नये. अनुक्रमांक, यूयूआयडी आणि आकार हे तिन्ही जुळले तरच पुढे जावे. 'एसडीबी' या नावावर विसंबून राहण्याचे समर्थन त्यातून होत नाही. रोजच्या कामात तर उपाय सोपा आहे. यंत्र सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे, हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फायलीत 'एसडीबी१' न लिहिता यूयूआयडी लिहावा. तसे नसेल आणि क्रम बदलला, तर यंत्र अर्ध्यात अडकते किंवा, त्याहून वाईट, भलतेच पार्टिशन योग्य जागी जोडून मुकाट काम सुरू करते. हाताने कमांड देताना 'डेव्ह' फोल्डरातल्या 'डिस्क' आणि तिथल्या 'बाय-आयडी' या फोल्डरातले लांबलचक नाव वापरावे. त्यात मॉडेल आणि अनुक्रमांक दोन्ही असतात, त्यामुळे कमांड टाइप करतानाच डोळ्यांसमोर डिस्कची ओळख राहते.

ज्यांचा टर्मिनलशी कधीच संबंध येत नाही, त्यांचीही याच गोष्टीशी गाठ पडते. लिनक्सच्या किंवा मॅकच्या फाइल सिस्टीममध्ये भरलेली डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली, की बहुधा 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी उघडते. डिस्क बिघडली असा तिचा अर्थ बहुतेक वेळा नसतो. विंडोजला आतली फाइल सिस्टीम ओळखता आली नाही, इतकेच ती सांगत असते. तिथे फॉरमॅटचे बटण दाबू नका. खिडकी बंद करा, डिस्क काढा आणि ती जिथे भरली होती त्या यंत्रावर आधी उघडून पाहा. आणि डिस्क सांभाळणे हेच तुमचे काम असेल, तर प्रत्येक डिस्कच्या खणावर तिचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.